भीमथडीचें तट्टूं

इंग्लंडच्या नैऋत्येस एक्समूर नांवाचें एक विस्तीर्ण माळरान आहे. तेथें ठेंगणीं तट्टें पिढ्यान्‌पिढ्या रानमोकळीं राहात आलीं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांची संख्या पन्नासाच्या आसपास उतरली, तेव्हां कोठें तेथील लोकांस जाग आली. दक्षिणेंतलें आपलें तट्टूं इतकें रानटी केव्हांच नव्हतें. त्यास धनी असे, त्याच्या पाठीवर खोगीर चढे. परंतु तबेला त्याच्या वाट्यास क्वचितच येई. स्वारी नसे त्या दिवसांत पुढच्या पायांत दोर अडकवून त्यास कुरणांत सोडीत. ऊन, पाऊस, कुसळीचें गवत आणि मिळेल तेथलें पाणी, यांवरच त्याचें पोषण होई. त्याचा काटकपणा या अर्धवट मोकळ्या जिण्यांत घडला.

भीमा, नीरा, माण या नद्यांच्या थडीस हीं तट्टें निपजत, म्हणून त्यांस भीमथडीचीं तट्टें असें नांव पडलें. कोंकणपट्टीच्या बंदरांतून अरबी घोडे उतरत; त्यांचें रक्त या गांवठी घोड्यांत मिसळत गेलें. उंची बेताची, खूर टणक, छाती भरीव आणि खाणें थोडें. सरकारी पागेंतला घोडा घेऊन लढे तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा आणी तो शिलेदार. दोघांचीही भिस्त याच जनावरावर. मोंगलांच्या भारी घोड्यांस चंदी लागे, ती वेळेवर न मिळाली कीं त्यांची चाल मंदावे. तट्टूं वाटेंत मिळेल तें खाऊन दुसऱ्या दिवशीं पुन्हां मजल मारण्यास सिद्ध! १७५८ सालीं मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, त्या कांहीं केवळ तलवारीच्या बळावर नव्हे. गनिमी काव्याचें कौतुक आपल्या इतिहासांत पुष्कळ झालें आहे; तो कावा गवतावर चालत होता, याची आठवण मात्र थोड्यांनींच ठेविली.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि हजारों स्वारांचें काम एकदम संपलें. घोडा पोसणें हा मान होता, तो आतां भार झाला. पागा मोडल्या, पुणें जिल्ह्यांत आलेगांव पागा या गांवाच्या नांवांत तेवढा एक शब्द राहिला आहे.

निजामाच्या राज्यांत ही गोष्ट जरा सावकाश घडली. बीडहून मांजरसुंबा, नेकनूर, केज या वाटेनें अंबाजोगाईस जातां येतें. त्या अंबाजोगाईस तेव्हां मोमिनाबाद म्हणत, आणि तेथें हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. या घोडदळांत शिलेदारी पद्धत चाले. म्हणजे शिपायानें घोडा स्वतःचा आणावयाचा, किंवा त्याचे पैसे भरावयाचे. त्यामुळें नेकनूरसारख्या बाजाराच्या गांवांच्या आसपास घोड्याची पारख असणारा माणूस इतक्यांत निरुपयोगी झाला नाहीं. १९०३ सालीं कंटिंजंट हिंदी सैन्यांत मिसळून टाकण्यांत आलें, आणि पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी पद्धतही बंद झाली. नेकनूरच्या बाजारांत बैल आणि शेळ्यामेंढ्या आजही विकल्या जातात. घोड्याचें गिऱ्हाईक मात्र त्या छावणीबरोबर उठून गेलें.

याहून मोठा घात सुधारणेनें केला. इंग्रजी लष्करास उंच घोडा हवा होता. त्यासाठीं सरकारनें अरबी आणि विलायती वळू ठिकठिकाणीं ठेविले, आणि गांवठी शिंगरें खच्ची करण्यासही उत्तेजन दिलें. संततीस उंची आली खरी, पण तिच्याबरोबर भूकही आली! १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि पुढें १८९९–१९०० चा दुष्काळ यांत माणसांसच अन्न नव्हतें, तेथें चंदी कोण देणार? जनावर थोडक्यांत जगत होतें तोंच त्याचा गुण होता, आणि नेमका तोच दोष म्हणून काढून टाकण्यांत आला.

पुढचें काम आगगाडीनें केलें. १८६० च्या सुमारास पुणें–सोलापूर या पट्ट्यांत रूळ पोंचले, आणि १९०० सालीं हैदराबादचा मार्ग मनमाडास जाऊन मिळाला. बीड शहरास आगगाडी दिसली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. तोंवर मोटारींनीं बालाघाटाच्या वाटा केव्हांच ताब्यांत घेतल्या होत्या. कुरणें नांगराखालीं गेलीं. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें, आणि ज्या थडीचें नांव तट्टास मिळालें तिचाच मोठा भाग पाण्याखालीं गेला. उरलेल्या काठावर ऊंस उभा राहिला.

महाराष्ट्रानें २०२३ सालीं राजा बढे यांचें गीत राज्यगीत म्हणून स्वीकारलें. त्यांत या तट्टांचा गौरवानें उल्लेख आहे, पण तें म्हणणाऱ्या मुलांपैकीं किती जणांनीं तें जनावर पाहिलें असेल? सारंगखेड्याच्या यात्रेंत मारवाडी, काठेवाडी आणि पंजाबी घोड्यांस भारी किंमत येते. त्यांच्या दिमाखापुढें हें ठेंगणें तट्टूं उभें करण्यास धनीच लाजतो. अलीकडे कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदली, हें एक चांगलें झालें.

परंतु तिला जिवंत ठेविलें तें कोणत्या कचेरीनें नव्हे, तर मेंढरांमागें फिरणाऱ्या धनगरांनीं. दिवाळीनंतर त्यांचे कळप चराईस निघतात, तेव्हां राहुटी, भांडीं, कोंबड्या आणि नुकतींच जन्मलेलीं कोंकरें घोडीच्या पाठीवर असतात. मुक्कामाच्या जागीं ओझें उतरलें कीं घोडी कापणी झालेल्या रानांत चरावयास मोकळी. असें रान आतां दरसाल कमी होत आहे. आणि ज्या वाड्याचें बिऱ्हाड टेंपोनें हलूं लागतें, तेथें पहिली विकली जाते ती घोडी.