डोंबिवलीचे मार्क

डोंबिवली म्हटलं की कुणाला फडके रोड आठवतो, कुणाला लोकलची गर्दी. मला आठवतो एक आकडा: ७८.४१. बारावीत पडले असते तर पेढे वाटले असते. पण ही गुणपत्रिका उलटी आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना हवा, पाणी, जमीन मिळून शंभरपैकी मार्क दिले. सत्तरच्या वर गेलेले ४३ पट्टे ‘अतिप्रदूषित’ ठरले. महाराष्ट्रात पहिलं चंद्रपूर, दुसरी आपली डोंबिवली!

गंमत म्हणजे आपलं राज्य या बाबतीत झोपलेलं नव्हतं. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये. रंग, रसायनं, कापड-प्रक्रियेचे कारखाने डोंबिवलीत आले. लगेच १९६९ मध्ये राज्याने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ नेमलं. केंद्राचा पाण्याचा कायदा आला १९७४ मध्ये. म्हणजे आपण दिल्लीच्याही पाच वर्षं पुढे होतो.

मग घोडं पेंड कुठे खातं?

एक तर कारखाने आणि निवासी विभाग अगदी खेटून वाढले. दुसरं म्हणजे, अनेक छोट्या कारखान्यांचं सांडपाणी सामाईक प्रक्रिया केंद्रात एकत्र होतं. एकदा मिसळलं की कुणी काय सोडलं, शोधत बसा.

तिसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपली यंत्रणा रंग दिसला की हलते. जानेवारी २०१४ मध्ये हिरवट पाऊस पडला, बातम्या झाल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्री स्वतः बघायला आले. पण सल्फर डायऑक्साइडला रंग नसतो हो! आणि मे २०१६, मे २०२४ मध्ये कारखान्यांत स्फोट होऊन माणसं गेली, त्याआधी रस्त्यावर कुठलाच रंग सांडला नव्हता.

२०१८ च्या पाहणीत डोंबिवलीचे मार्क सत्तरच्या किंचित खाली आले. झालं, ‘अतिप्रदूषित’ हा शिक्का पुसला गेला. आम्ही सॉफ्टवेअरवाले हा प्रकार चांगला ओळखतो. अलर्ट सत्तरला लावलेला असेल तर एकोणसत्तरला लाल दिवा विझतो. सर्व्हर मात्र तेवढाच तापलेला असतो.

असो. एक काम मात्र आपल्याला जमण्यासारखं आहे. कारखान्याला मंडळाकडून संमतीपत्र घ्यावं लागतं आणि किती सांडपाणी सोडायची परवानगी आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. फ्लॅट घेताना आपण स्टेशन किती मिनिटांवर, पार्किंग आहे का, मॉड्युलर किचन मिळेल का, सगळं विचारतो. जवळच्या कारखान्याला काय सोडायची परवानगी आहे आणि रात्री वारा कुठून येतो, हेही एकदा विचारून बघा की राव!