सहाव्या वर्षीची दाढ



पुढचा दुधाचा दात पडला म्हणजे मूल तो मुठीत धरून आईस दाखवावयास धावते. परंतु त्याच सुमारास, वयाच्या सहाव्या वर्षाच्या आगेमागे, दुधाच्या दाढांच्या पाठीमागे चार नव्या दाढा हिरडीतून निघतात व त्यांची वार्ता घरात कोणासच नसते. त्या कोणत्याही दाताची जागा घेत नाहीत. म्हणून वडील माणसे त्यांसही दुधाच्याच समजतात. वास्तविक त्या पक्क्या असतात. या दाढेस दंतवैद्यकाच्या इतिहासात केवढे मानाचे स्थान मिळाले, ते आज सांगावयाचे आहे.

प्रथम तिची घडण पाहू. वरच्या दाढेस तीन मुळे असतात. दोन गालाकडे व एक टाळूकडे. खालच्या दाढेस बहुधा दोन, एक पुढे व एक मागे. माथ्यावर उंचवटे व त्यांमध्ये खाचा असतात. तोंड मिटले म्हणजे एकीचे उंचवटे दुसरीच्या खाचांत बसतात आणि जात्याच्या दोन तळ्यांप्रमाणे अन्न दळले जाते.

लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनी 1771 साली मानवी दातांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. जबडा मागील बाजूस वाढतो व त्यामुळेच मागून येणाऱ्या दाढांस जागा मिळते, हे त्यांनी दाखविले. तथापि वेडेवाकडे दात सरळ करू पाहणाऱ्यांस मोजमाप कोठून धरावे, हा प्रश्न पुढेही बराच काळ सुटला नव्हता.

तो सोडविण्याचा यत्न अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी केला. 1899 साली त्यांनी असे प्रतिपादिले की, वरची पहिली पक्की दाढ हीच सर्व रचनेची किल्ली होय. तिचा पुढचा, गालाकडील उंचवटा खालच्या दाढेच्या गालाकडील खाचेत बसला, तर दाढांचा मेळ योग्य समजावा. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा वर्ग, पुढे सरकली तर तिसरा. आणि दाढा जुळूनही इतर दात वाकडे असले तर पहिला. इतके सुटसुटीत हे वर्गीकरण असल्यामुळे ते आजही शिकविले जाते. 1900 साली अँगल यांनी सेंट लुइस येथे या विद्येची स्वतंत्र शाळाही काढली.

परंतु गुरूचे वचन शिष्यांनी पारखूनच घ्यावे लागते. उपचारासाठी एकही दात काढू नये, असा अँगल यांचा आग्रह होता. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांस काही रोग्यांचे सरळ केलेले दात पुन्हा बिघडलेले आढळले. तेव्हा त्यांनी उपदाढा काढून त्यांवर फिरून उपचार केले. 1931 साली डोके स्थिर धरून क्ष-किरणचित्र घेण्याची रीत निघाली आणि वरची दाढही सर्वांत एकाच ठिकाणी नसते, हे उघड झाले. तरीही 1972 साली लॉरेन्स अँड्र्यूज यांनी उपचाराविना उत्तम जुळलेल्या 120 दंतपंक्तींचे नमुने तपासून सहा लक्षणे सांगितली, त्यांत पहिले लक्षण दाढांच्या मेळाचेच होते. किल्ली टाकून दिली गेली नाही. एकाच किल्लीने सर्व कुलपे उघडत नाहीत, एवढेच कळले.

आता थोडे स्वतःविषयी. माझी खालची अशी एक दाढ नवव्या वर्षी किडली. ‘दुधाचीच आहे, दुसरी येईल’, असे म्हणून घरच्यांनी ती काढविली. दुसरी आली नाही. मागची दाढ रिकाम्या जागेत कलली, वरची खाली उतरली, आणि गेली पन्नासांहून अधिक वर्षे मी एकाच बाजूने चावीत आहे. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. केवळ अज्ञान होते. पुढे शाळामास्तर झाल्यावर गालास हात लावून बसलेली कितीतरी मुले मी वर्गात पाहिली.

म्हणून एक सोपे गणित सांगून आपली रजा घेतो. दुधाचे दात प्रत्येक बाजूस, वर व खाली, पाचच असतात. मुलास उजेडाकडे तोंड करून बसवावे आणि मधल्या रेघेपासून मागे मोजीत जावे. सहावी दाढ लागली, तर ती जन्मभराची समजावी. तिच्या खाचा रोज घासून स्वच्छ ठेवाव्या, आणि तेथे काळा डाग दिसताच, दुखण्याची वाट न पाहता, मुलास दंतवैद्याकडे न्यावे.