पाचजणांचा फोटो

परवा नातू कॉलेजातून आला तो थेट माझ्या खोलीत. म्हणाला, "आजोबा, आमच्या बँडचा एक फोटो काढून द्या ना. गॅदरिंगच्या पोस्टरसाठी हवाय."

आमच्या पिढीला बँड म्हटलं की वरातीतले लाल कोटवाले आठवतात. शिवाय माझ्या फोटोग्राफीचं वय अवघं दीड वर्ष. आजवर काढली ती जास्वंदीची फुलं आणि पर्वतीवरचे सूर्यास्त. पण नातवाला नाही कसं म्हणायचं? आणि जन्म गेला इतिहास शिकवण्यात. तेव्हा आधी कोणी हे काम कसं केलं होतं ते शोधायला बसलो. वाचता वाचता जाऊन पोहोचलो जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात, १९६० साली.

लिव्हरपूलची पाच पोरं तिथल्या कैसरकेलर नावाच्या तळघरातल्या क्लबात रात्री उशिरापर्यंत वाजवत असत आणि एका सिनेमागृहाच्या मागच्या कोंदट खोल्यांत झोपत. नाव बीटल्स. तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हतं. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन ही नावं आपल्याला माहीत असतात. उरलेले दोघे म्हणजे स्टुअर्ट सटक्लिफ आणि पीट बेस्ट. जॉर्ज तर जेमतेम १७ वर्षांचा. वय कमी म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला जर्मनीतून परत पाठवलं.

अ‍ॅस्ट्रिड किर्शहेर ही २२ वर्षांची मुलगी एका छायाचित्रकाराकडे मदतनीस होती. मित्राने तिला त्या क्लबात नेलं. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, तरी तिने धीर करून या पोरांना विचारलं, तुमचे फोटो काढू का? नेलं कुठे, तर 'डोम' नावाची जत्रा भरते त्या मैदानावर. मागे जत्रेची लोखंडी यंत्रं आणि ट्रक, पुढे हातात वाद्यं घेतलेली पाच पोरं. कोणी हसत नाही, रंगीत पडदा नाही, फुलदाणी नाही. कॅमेरा रोलिकॉर्ड, म्हणजे पोटाशी धरून वरून काचेत डोकावायचं त्यातला. त्याच्या एका रोलमध्ये १२ फोटो. उगाच बटण दाबून चालत नसे!

मला यातलं एक फार आवडलं. त्या पोरांनी नंतर कोण व्हायचं हे तिने ठरवलं नाही. ती होती तशी, थकलेली, जरा उर्मट, तशीच तिने टिपली. जागाही त्यांच्या जगण्याला शोभेल अशी निवडली.

पुढची गोष्ट २२ ऑगस्ट १९६३ ची. आता हे चौघे इंग्लंडभर गाजत होते. बोर्नमथमधल्या एका हॉटेलात रॉबर्ट फ्रीमन याने त्यांच्या दुसऱ्या तबकडीच्या वेष्टनासाठी फोटो काढला. स्टुडिओ नाही, दिवे नाहीत. काळे स्वेटर, मागे अंधार आणि एका बाजूने खिडकीचा उजेड, त्यामुळे प्रत्येकाचा अर्धा चेहरा सावलीत. अ‍ॅस्ट्रिडलाही असे अर्धउजेडातले चेहरे आवडत. वेष्टन चौकोनी, एका ओळीत चौघे मावेनात, म्हणून सगळ्यात शेवटी आलेल्या रिंगो स्टारला खाली उजव्या कोपऱ्यात बसवलं. आम्ही शाळेत उंचीप्रमाणे मुलं उभी करायचो, तसलाच हिशोब!

आणि ८ ऑगस्ट १९६९ चा तो झेब्रा क्रॉसिंगवरचा फोटो तर जगप्रसिद्ध. पॉलने आधी कागदावर साधं चित्र काढून दिलं होतं. पोलिसाने वाहतूक थांबवली, इयन मॅकमिलन रस्त्यात शिडीवर चढला आणि सुमारे दहा मिनिटांत अवघे सहा फोटो काढून उतरला. त्यातला पाचवा निवडला. म्हणजे काम दहा मिनिटांचं, पण विचार आधी झालेला.

एवढं वाचून मी वहीत आखणी केली. जागा, आमच्या गल्लीतली बंद पडलेली लाकडाची वखार. वेळ, सकाळी साडेसात, म्हणजे उजेड तिरपा मिळेल. कपडे गडद आणि साधे. फोटो फक्त १२. डिजिटल कॅमेऱ्यात हजार निघतात हे खरं, पण मग आपण बघायचंच थांबतो.

नातवाला वही दाखवली. तो म्हणाला, "छान आहे, पण आजोबा, चौघांचाच काढा. कीबोर्डवाला पुढच्या महिन्यात नोकरीला बंगळूरला चाललाय. पोस्टरवर तो कशाला?"

मी त्याला अ‍ॅस्ट्रिडचा तो जत्रेतला फोटो दाखवला. म्हटलं, यातला हा स्टुअर्ट. अ‍ॅस्ट्रिडशी त्याचं लग्न ठरलं होतं. १० एप्रिल १९६२ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला, अवघा २१ वर्षांचा. हा पीट बेस्ट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला काढून रिंगोला घेतलं. पुढे जगाने चौघेच ओळखले. पण त्या सकाळी ते पाच होते, आणि हे सांगायला तो फोटो आहे. त्या बाईही २०२० साली गेल्या. फोटो मात्र राहिला.

नातू काही बोलला नाही. मलाच वाटलं, म्हातारा जरा जास्त बोलला. शाळेतली एक गोष्टही मनात होती, ती त्याला सांगितली नाही. एका वर्षी वर्गाच्या फोटोच्या दिवशी एक मुलगा आलाच नाही. गणवेशाचा सदरा फाटला होता म्हणून घरी बसला, हे मला नंतर कळलं. एक दिवस थांबणं अवघड नव्हतं. मी थांबलो नाही. तो फोटो अजून कपाटात आहे, आणि तो पाहताना माझं लक्ष आधी नसलेल्या मुलाकडेच जातं.

रात्री जेवताना नातू हळूच म्हणाला, "आजोबा, रविवारी पाचहीजण येतोय. त्याला मध्ये उभा करा."

तर मंडळी, रविवारी परीक्षा आहे. फोटो बरा आला तर इथे लावीनच. बिघडला तरी लावीन. पाचजण मात्र मोजून घ्या.