केसचाचणी, बॉस्टन पोलीस दलातील

पोलिसाने अमली पदार्थ घेतले आहेत का, हे त्याच्या केसांवरून ठरवण्याची पद्धत. अमेरिकेतील बॉस्टनच्या पोलीस दलाने ती १९९९ मध्ये लागू केली. त्याआधी १९८९ मध्ये, फॉन राब खटल्यात, बंदूक बाळगणाऱ्या सीमाशुल्क कर्मचाऱ्यांची लघवी कोणताही संशय नसतानाही तपासायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मुभा दिली होती.

बॉस्टनमध्ये वाढदिवसाच्या आगेमागे महिनाभरात बोलावणे येई आणि केसांची बारीक बट त्वचेलगत कापून घेतली जाई. लघवीत कोकेनची खूण दोन-चार दिवसच टिकते. केस मात्र महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळाजवळच्या तीन-चार सेंटिमीटरांत गेल्या तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. कोकेन सापडल्यास व्यसनमुक्तीचे उपचार आणि बिनपगारी निलंबन पत्करायचे, नाहीतर नोकरी गमवायची. ज्याने नशा केलीच नाही, त्याच्यासाठी हा पेच क्रूर होता. उपचाराला होकार म्हणजे न केलेल्या गोष्टीची कबुलीच.

कोकेन केसात रक्तावाटेच जाते असे नाही. ते बाहेरूनही चिकटते. धुतल्यावर ते सगळे निघते का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. शिवाय केसाला काळेपणा देणारे मेलॅनिन कोकेनला अधिक धरून ठेवते, असे काही अभ्यास सांगतात. आठ वर्षांच्या आकडेवारीत कृष्णवर्णीयांच्या सुमारे १.३ टक्के चाचण्यांत कोकेन आढळले, गोऱ्यांच्या ०.३ टक्क्यांहूनही कमी. दोन्हीकडे अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक लोक निर्दोष ठरतात, मग भेदभाव कुठला, असे शहराचे म्हणणे. ते पटण्याजोगे नाही. नोकरी जाते ती उरलेल्या एक-दोन टक्क्यांतल्या माणसांची, आणि तिथे तफावत चौपट आहे.

२०१३ मध्ये राज्याच्या नागरी सेवा आयोगाने केवळ या चाचणीवरून बडतर्फी करता येत नाही असे ठरवून सहा जणांना कामावर परत घ्यायला लावले. कृष्णवर्णीय पोलिसांनी २००५ मध्ये केलेल्या दाव्यात संघीय अपील न्यायालयाने २०१४ मध्ये ही तफावत योगायोगाची मानता येत नाही असे म्हटले. केसांत कोकेन आढळल्यावर लगेच न काढता लघवीच्या अचानक तपासण्या घेत राहिले तर चालले नसते का, हा प्रश्न २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा सुनावणीस धाडला. २०२३ मध्ये शहराने चार तक्रारदारांना मिळून २६ लाख डॉलर देऊन तडजोड केली. दावा दाखल होऊन तेव्हा अठरा वर्षे लोटली होती.