गोष्टींतील भय आणि लहान मुलें



श्रावण अमावास्येस आमच्या नागपुरांत पोळा भरतो, आणि त्याच सायंकाळीं पुष्कळ घरीं पिठोरीची कहाणी होते. दर वर्षीं त्या अवसेला सून बाळंत होते आणि मूल दगावतें. सातव्या खेपेस सासरा तें मेलेलें मूल तिच्या ओटींत घालून तिला घराबाहेर काढतो. मागील पोळ्यास आमच्या घरीं कहाणी येथवर आली, तोंच सूनबाई माझ्या पांच वर्षांच्या नातवाला उचलून आंत घेऊन गेली. मागाहून ती मला म्हणाली, "बाबा, इतक्या लहान पोराला हें ऐकवायलाच हवं का?"

हा प्रश्न नवा नाहीं. जर्मनींत ग्रिम बंधूंनीं १८१२ मध्यें लोककथा छापिल्या, तेव्हां त्यांत मुलांनीं खाटकाचा खेळ खेळतां खेळतां खराच जीव घेतल्याची एक गोष्ट होती. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तींत ती गाळण्यांत आली. हिमगौरीच्या जिवावर उठलेली तिची सख्खी आईही त्या आवृत्तींत सावत्र आई झाली. परंतु दुष्ट राणीस तापलेल्या लोखंडी जोड्यांत नाचविण्याची शिक्षा मात्र तशीच राहिली!

आपल्याकडे १८२८ मध्यें सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचें 'बाळमित्र' निघालें. युरोपांतील बोधपर गोष्टींवरून तें रचलेलें होतें. छापील पुस्तक असें सोज्ज्वळ झालें, तरी राक्षस आजीच्या तोंडीं राहिलाच. मुंबईच्या गव्हर्नरांची कन्या मेरी फ्रीअर हिनें अ‍ॅना लिबेराता द सोझा या आयेकडून ऐकलेल्या कथा १८६८ मध्यें 'ओल्ड डेक्कन डेज' या नांवानें प्रसिद्ध केल्या. अ‍ॅनाला त्या तिच्या आजीकडून मिळाल्या होत्या. त्यांत एका जादूगाराचा जीव पोपटांत असतो. पोपटाचा एकेक अवयव तोडला कीं जादूगाराचाही तो तो अवयव गळून पडतो. आजीला आणि नातीला त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं.

पुढें शिक्षणशास्त्र्यांतही दोन मतें झालीं. लहान मुलास आधीं खरें जग दाखवावें, अद्भुत कथा मागाहून द्याव्या, असें माँटेसोरीबाईंचें मत होतें. त्यांचीच पद्धति भावनगरास चालविणारे गिजुभाई बधेका मात्र गोष्टींचे कैवारी होते. कथाकथनाचें शास्त्र सांगणारा ग्रंथच त्यांनीं लिहिला. १९७६ मध्यें अमेरिकेंतील ब्रूनो बेटलहाइम यांनीं असें मांडलें कीं, भय मुलाच्या मनांत आधींच असतें. गोष्ट त्यास रूप देते आणि त्यांतून पार पडण्याची वाट दाखविते.

मला या वादाचें मर्म माझ्या एका चुकीमुळें कळलें. तरुणपणीं वर्ग गप्प बसावा म्हणून शाळेच्या अडगळीच्या खोलींत बागुलबुवा आहे, असें मी मुलांस सांगत असें. वर्ग गप्प बसे खरा. पण एक मुलगा त्या खोलीवरून जावयास लागूं नये म्हणून वर्षभर लांबच्या जिन्यानें येत राहिला. त्या बागुलबुवाची गोष्ट मीं कधींच पुरी केली नव्हती. आपल्या सोयीसाठीं घातलेलें भय आणि गोष्टींतलें भय यांत हाच भेद आहे. एकाला शेवट नसतो, दुसऱ्याला असतो.

त्या पोळ्याच्या रात्रीं नातू अंथरुणांतून उठून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आबा, तीं बाळं मेलींच का?" त्याला गोष्टीनें नव्हे, अर्धवट राहिलेल्या गोष्टीनें जागें ठेवलें होतें. मीं त्याला मांडीवर घेऊन सांगितलें कीं, योगिनींनीं सातही मुलें जिवंत केलीं आणि सून त्यांना घेऊन घरीं परतली. सूनबाई दारांत उभी राहून ऐकत होती. तो लगेच झोंपला.

दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक. काळी आणि पिवळी मारबत आमच्या शहरांत एकोणिसाव्या शतकापासून निघते. तें अक्राळविक्राळ रूप पाहून नातवानें माझा खांदा घट्ट धरला; पण मान वळविली नाहीं. गांवाची ईडापीडा घेऊन मारबत जाते आणि शेवटीं जळते, हें त्याला ठाऊक होतें.

म्हणून माझें सांगणें एवढेंच. मूल "पुरे" म्हणालें तर थांबावें. धाक दाखविण्यासाठीं गोष्ट कधींही सांगूं नये. आणि राक्षस एकदां घरांत आणला, तर त्याला मारल्यावांचून मुलास झोंपावयास पाठवूं नये.