पट्टीवरची वायर आणि भिंतीतली वायर

क्रॉफर्ड मार्केटात १८८२ साली विजेचे दिवे लागले खरे, पण वर्षभरात ते लावणारी कंपनी बुडाली आणि बाजार पुन्हा गॅसच्या उजेडावर आला. मुंबईच्या घरांना विजेची भरवशाची सोय मिळू लागली ती १९०५ साली वाडी बंदरचे वीजकेंद्र सुरू झाल्यानंतर. चाळी आणि वाडे त्याआधीच उभे होते, त्यामुळे वायर भिंतीच्या आत नव्हे, भिंतीवरून गेली. विटांत लाकडी गुट्ट्या ठोकायच्या, त्यांवर सागवानी पट्टी बसवायची, पट्टीवर क्लिपा आणि क्लिपांत वायर; बटणाखाली गोल लाकडी ब्लॉक. तांब्याच्या तारेवर रबराचे वेष्टण असे आणि त्याआधी तारेला कल्हई केलेली असे. ती शोभेची नव्हती. रबर पक्के करण्यासाठी वापरलेले गंधक उघडे तांबे खाते, हे कारखान्यांना ठाऊक होते.

अशा वायरिंगकडे बोट दाखवून आज सरसकट म्हटले जाते की जुने झाले, म्हणून धोक्याचे. मला हे कारण अपुरे वाटते. वायर नुसत्या वर्षांनी जितकी खराब होते, त्याहून कितीतरी अधिक उष्णतेने होते. पट्टीवरच्या सरळ धावेत शाबूत राहिलेले रबर बल्बच्या होल्डरपाशी मात्र वाकवताच तुकडे होऊन गळते. वायर तीच, वयही तेच. फरक फक्त बल्बच्या धगीचा. आता लोडचा हिशेब मांडू. साठ वॅटचे चार बल्ब आणि एक पंखा मिळून २३० व्होल्टला दीड अँपियरही होत नाहीत. वायरमन जिला ‘तीन बावीस’ म्हणतात ती बावीस गेजच्या तीन तारांची वायर एवढा भार आरामात वाहत असे. त्याच सर्किटवर दोन किलोवॅटचा गीझर लावला की पावणेनऊ अँपियर जातात. प्रवाह सुमारे सहापट झाला, पण तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ चाळीसपट. इथे फ्यूजने उडायचे असते. पण ‘सारखा उडतो’ म्हणून चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार भरण्याची खोड घरोघर लागली आणि वायरीचा एकमेव पहारेकरी गेला.

पुढे पीव्हीसी आले, तांब्याच्या टंचाईत ॲल्युमिनियमच्या वायरी आल्या आणि नव्या इमारतींत सगळे भिंतीआड गेले. ॲल्युमिनियमचा दोष धावेत नसतो, जोडात असतो. ते स्क्रूखाली दबत जाते, तापले की तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते आणि त्यावर वीज न वाहणारा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जोड सैल झाला की तिथेच तापतो. उघड्या वायरिंगवर असा जोड काळवंडलेल्या ब्लॉकवरून किंवा पिवळ्या पडलेल्या वेष्टणावरून लक्षात येई. गिलाव्याआड तो वास सुटेपर्यंत कळत नाही.

यावर काही जण म्हणतील की भिंतीतल्या पाइपातली वायर उंदरांपासून आणि मुलांच्या हातांपासून वाचते, आणि जुन्या दोनतारी वायरिंगला अर्थिंगही नसे. दोन्ही मुद्दे खरे आहेत. अर्थिंगविना लोखंडी इस्त्री वापरणे जीवघेणे होते आणि ते वायरिंग जपून ठेवावे असे मी म्हणत नाही. पण पाइपाचा खरा फायदा असा की जुनी वायर ओढून नवी घालता येते. पाइप कोंबून भरलेला असला, वळणे फार असली किंवा पैसे वाचवायला वायर थेट गिलाव्यात पुरलेली असली, की तो फायदा उरत नाही. उरते फक्त लपणे. त्यात पावसाळ्यात भिंतीत झिरपणारे पाणी.

म्हणून वायरिंगला वर्षे किती झाली एवढ्यावर थांबू नका. तिच्यावर लोड किती चढला तेही विचारा. रंगकाम काढण्याआधी लायसन्सधारक वायरमनकडून मेगर लावून वेष्टण तपासून घ्या. एमसीबी गीझरच्या नव्हे, वायरीच्या जाडीच्या मापाचा बसवा आणि सोबत तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी घ्या. तो गळती ओळखतो ती फेज आणि न्यूट्रलमधल्या प्रवाहाच्या फरकावरून, त्यामुळे अर्थिंग नसलेल्या जुन्या घरातही काम करतो. मात्र अर्थिंगची जागा तो घेत नाही, तेही करून घ्यावेच लागेल.