आवाहन-चळत : तळघरापासून टिकलपर्यंत

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये एक फंक्शन दुसऱ्यास पाचारण करते, दुसरे तिसऱ्यास; आणि काम आटोपल्यावर प्रत्येकास आपल्या आवाहकाकडे परतावे लागते. परतीची जागा व प्रत्येकाची खाजगी चलपदे जपून ठेवणारी जी व्यवस्था, तिला आवाहन-चळत म्हणता येईल. ताटांच्या चळतीप्रमाणे शेवटी ठेवलेला थर प्रथम उचलावयाचा, हा तिचा नियम होय. या चळतीवर प्रोग्रॅम-लेखकाचा अधिकार कितपत असावा, या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत टिपणात पाहावयाचा आहे.

ॲलन ट्युरिंग यांनी १९४५ च्या अखेरीस सिद्ध केलेल्या एसीई यंत्राच्या आराखड्यात परतीची जागा ‘पुरणे’ व ‘उकरणे’ अशा अर्थाच्या संज्ञा आढळतात. फ्रीड्रिख बावर व क्लाउस झामेल्झोन या जर्मन संशोधकांनी १९५७ साली याच तत्त्वाचे पेटंट मागितले, तेव्हा त्यांनी योजलेला शब्द होता ‘तळघर’. रूपके बोलकी आहेत. चळत ही झाकून ठेवावयाची वस्तू मानली गेली. १९६० च्या अल्गोल भाषेत फंक्शनने स्वतःसच पाचारण करणे शक्य झाले व चळत अपरिहार्य ठरली. तथापि ती यंत्रणेच्या ताब्यातच राहिली.

जॉन ऊस्टरहाउट यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८८ साली आरंभिलेल्या टीसीएल, अर्थात ‘टिकल’, या स्क्रिप्ट-भाषेने हे तळघर उघडले. तिच्यात ‘जर’ व ‘जोवर’ या अर्थांच्या रचनाही इतर आज्ञांसारख्या साध्या आज्ञाच होत. ‘अपव्हार’ या आज्ञेने फंक्शनला आवाहकाचे चलपद स्वतःच्या नावाने हाताळता येते; ‘अपलेव्हल’ने एखादा मजकूर आवाहकाच्या थरात जाऊन पार पाडता येतो. त्यायोगे नवी नियंत्रण-रचना भाषेच्या कर्त्याकडे न मागता सामान्य लेखकही घडवू शकतो.

भाषाभ्यासकास यात अनोळखी असे काही नाही. ‘मी येतो, असे राम म्हणाला’ या वाक्यातील ‘मी’ हा सांगणारा नसून राम आहे. शब्द एकाच्या मुखी, त्यांचा संदर्भ मात्र दुसऱ्याच्या स्थानी. अपलेव्हलचे कार्य नेमके हेच होय.

परंतु या सवलतीस मोल आहे. आपले चलपद कोण बदलील, हे आवाहकाचा मजकूर वाचून निश्चित सांगता येत नाही. भाषांतरक यंत्रणेसही गतीसाठी गृहीते धरणे कठीण जाते. जावास्क्रिप्टच्या २००९ च्या प्रमाणग्रंथाने ‘कठोर’ पद्धतीत आवाहकाचा शोध घेण्यासच मज्जाव केला. टिकलने उलट दिशा धरली. २०१२ च्या ८.६ या आवृत्तीत आलेल्या ‘टेलकॉल’ आज्ञेने फंक्शन चळतीतील आपला थर काढून घेते व ती जागा दुसऱ्या आज्ञेस देते.

तात्पर्य, हा वाद केवळ सोयीचा नाही. चळत झाकली म्हणजे वाचकास निश्चिती लाभते, पण व्याकरण कर्त्याच्या हाती राहते. ती उघडली म्हणजे व्याकरण वापरणाऱ्याच्या हाती येते, आणि निश्चितीची जबाबदारीही त्याच्याच शिरी पडते. आवाहकाच्या थरात शिरणाऱ्यास तसे उघडपणे लिहावे लागते, एवढी शिस्त टिकलने राखली. व्याकरणाचा अधिकार वापरणाऱ्यास देताना निदान तेवढी शिस्त अवश्य आहे, असे या इतिहासावरून म्हणावयास हरकत नाही.